१९५१ची शेव्हरोले पिकअप घ्यायची असेल तर टोकनच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्याच्या वाघोडिया रोडवरच्या एका शेडमध्ये १९५१ सालची शेव्हरोले ३१०० पिकअप विकायला आहे. गडद हिरवा रंग, हौद्यात नवीन लाकडी फळ्या, मागणी साडेअठरा लाख. ‘पूर्ण रिस्टोर केलेली, ओरिजिनल इंजिन, कागद क्लियर’ असं विकणारा सांगतो आणि रविवारपर्यंत पन्नास हजारांचं टोकन मागतो. तुमच्या आजोबांकडे अशीच गाडी होती, ती खंडेराव मार्केटला भाजी टाकायची, तिचा एक फोटो घरात आहे. गाडी घेऊन तिच्यावर दांडिया बाजारातल्या फरसाणाच्या दुकानाचं नाव रंगवायचं आणि ऑर्डरी पोचवायच्या, हा तुमचा बेत. शिवाय ही आजोबांचीच गाडी असेल का, हेही तुम्ही विचारलंय. त्याकडे शेवटी येतो.

टोकन देऊ नका. गाडी बघायला मात्र जरूर जा, आणि दोनदा जा: एकदा दिवसाढवळ्या जमिनीवर आडवं पडून बघायला, आणि एकदा सकाळी लवकर, इंजिन गार असताना. अशी गाडी रविवारपर्यंत पळून जात नाही. सत्तर वर्षं थांबलीय, अजून आठवडाभर थांबेल.

मी मकरपुऱ्याच्या बाजूला चौतीस वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. या मॉडेलच्या बाबतीत तुम्ही पैसे मोजता ते चेसिसचे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचे, आणि कागदांचे. बाकी सगळं मिळतं. अमेरिकेत या पिकअपवर लोकांचा इतका जीव आहे की मडगार्डपासून काचेच्या रबरापर्यंत आणि हौद्याच्या फळ्यांपासून पुढच्या जाळीपर्यंत सगळे भाग आजही नवे बनतात. पैसे आणि धीर असला की येतात. कुजलेली चेसिस आणि न जुळणारं आरसी बुक मात्र कुठल्याच कॅटलॉगात मिळत नाही. आणि विकणारा दाखवतो नेमका रंग, क्रोम आणि सीटकव्हर.

‘रिस्टोर’ हा शब्द आपल्याकडे फार सैल झालाय. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा ‘ट्वेंटी वन गन सॅल्यूट’ सोहळा झाला, तेव्हापासून तर बडोद्यात प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला वाटतं की आपल्या शेडमध्ये सोनं उभं आहे. माझ्या लेखी रिस्टोर म्हणजे केबिन आणि हौदा चेसिसवरून उचलले गेले, चेसिस उघडी करून साफ झाली, इंजिन खोलून मापं घेतली गेली. हे खरंच झालं असेल तर त्याचे फोटो असतात. दहा-वीस नाही, शेकड्यांनी असतात. मी स्वतः प्रत्येक क्लिपचा, प्रत्येक वायरच्या वळणाचा फोटो काढतो, कारण वर्षभराने ते परत बसवायचं असतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: केबिन उतरवलेली असतानाचे फोटो दाखवा. दुसरा प्रश्न: क्रँक घासल्याचं, व्हाइट मेटल (बेअरिंगमध्ये ओततात तो मऊ धातू) भरल्याचं बिल दाखवा. दोन्ही नसतील तर ते डेंटिंग-पेंटिंग आहे. तेही वाईट नसतं, पण त्याची किंमत वेगळी.

आता खाली आडवे पडा. सोबत टॉर्च, एक छोटा लोहचुंबक, जुना मऊ रुमाल आणि एक डिसमिस घ्या. स्क्रू ड्रायव्हरला आपण बडोदेकर डिसमिसच म्हणतो. चेसिसवर ताजा, चकचकीत काळा अंडरबॉडी कोट दिसला की आनंदू नका, सावध व्हा. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाने बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून असाच जुना ट्रक घेतला आणि सरळ माझ्याकडे आणला. खालून आरशासारखा काळा. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ मी डिसमिसचं टोक नुसतं टेकवलं, जोर दिला नाही, तर ते दोन इंच आत गेलं. आत पत्रा नव्हताच. गंज, त्यावर पुट्टी, त्यावर फायबरची जाळी आणि त्यावर काळा कोट. त्या माणसाने बायकोच्या नावावरची मुदत ठेव मोडून ती गाडी घेतली होती. तो कितीतरी वेळ माझ्या स्टुलावर बसून राहिला, चहासुद्धा घेतला नाही. तो दिवस मी विसरलो नाही. म्हणूनच एवढं लांब उत्तर लिहितोय.

चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत पुढून मागे जा. चांगलं लोखंड टणत्कार देतं, कुजलेलं किंवा भरलेलं बद्द वाजतं. आडव्या पट्ट्या कंपनीने रिव्हेट मारून जोडलेल्या होत्या. जिथे रिव्हेटऐवजी वेल्डिंगची जाड माळ किंवा नवे बोल्ट दिसतील, तिथे का, हे विचारा. उत्तर प्रामाणिक असू शकतं. या गाड्यांनी मापाच्या दुप्पट माल वाहिलाय, चेसिसला तडे जाणारच. दुरुस्ती नीट प्लेट लावून केली असेल तर मला चालते. लपवलेली चालत नाही.

मग केबिन. या केबिनच्या काही जागा हमखास कुजतात: मागचे दोन्ही खालचे कोपरे, दाराच्या खालच्या बिजागरीजवळचा खांब, पायाखालचा पत्रा जिथे वर वळतो तो भाग, आणि छताची पन्हळ. लोहचुंबक रुमालात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही, आणि या जागांवरून फिरवा. छतावर तो जसा चिकटतो तसाच कोपऱ्यातही चिकटायला हवा. सुटून खाली घसरला, तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दार उघडून बंद करा. ते शेवटच्या इंचात उचलावं लागत असेल तर बिजागरी झिजलीय किंवा खांबच बसलाय. बिजागरीची पिन स्वस्तात बदलते, बसलेला खांब मात्र महिनाभराचं काम काढतो.

बडोद्यात गाडी घेताना एक तपासणी जास्तीची करावी लागते. ऑगस्ट २०२४च्या अखेरीला विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कित्येक शेड आणि तळघरं भरली होती. ही गाडी तेव्हा कुठे उभी होती, हे थेट विचारा. पाणी ओसरतं, गाळ राहतो. हेडलाइटची रिंग काढून आतली वाटी बघा, मीटरच्या काचेच्या आतली कडा बघा, सीट उचलून स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत बोट फिरवा. पिठासारखा बारीक, वाळलेला गाळ बोटाला लागला तर गाडी बुडालेली आहे. अशा गाडीच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरांच्या गोळ्याचा, तेल भरण्याचा बोल्ट सैल करून तेल बघायचंच. ते दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं असेल तर आत पाणी गेलंय.

तो बोल्ट उघडलाच आहे तर आणखी एक बघा. या गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, उघडा नसतो, तो एका बंद नळीत फिरतो. पुढचं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल त्या नळीतून हळूहळू मागे डिफरन्शियलमध्ये येतं. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा आणि मागून तेल ओसंडतंय. मालक म्हणतो ‘मागे तेल भरपूर आहे’, आणि इकडे गिअरबॉक्सची बेअरिंगं मरत असतात. दोन्हीकडची पातळी एकाच वेळी बघायची, ती यासाठी.

आता इंजिन. यात माझा सगळ्यात जास्त जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९५१च्या ३१००मध्ये २१६.५ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन असायचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं. त्याची तऱ्हा आजच्या इंजिनांहून वेगळी. क्रँकच्या मुख्य बेअरिंगांना तेल दाबाने मिळतं, पण कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगांना तसं मिळत नाही. रॉडच्या खाली एक छोटा चमचा असतो, तो प्रत्येक फेऱ्यात चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, तेल उचलतो आणि स्वतःच्याच बेअरिंगला पाजतो. बेअरिंगही बदलता येणारं शेल नव्हे. रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतलेलं असतं, आणि झीज झाली की मधल्या पातळ शिम काढून ते घट्ट करायचं. सावकाश, दिवसभर ओझं ओढायला हे इंजिन अप्रतिम. पण हायवेवर नव्वद-शंभरने ताणलं तर व्हाइट मेटल वितळतं. मी माझ्या गिऱ्हाईकांना सत्तरच्या वर नेऊ देत नाही.

म्हणून सकाळी लवकर जा, आणि गेल्या गेल्या आधी बॉनेट उघडून मॅनिफोल्डवर (इंजिनाच्या कडेच्या धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) हात ठेवा. तो गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी गाडी तापवून ठेवलीय, आणि त्याला कारण असणार. गार असेल तर चोक ओढा. स्टार्टर बटणावर नाही, पायाखाली आहे. सहा व्होल्टची बॅटरी असेल तर इंजिन जड, आळसावल्यासारखं फिरेल. तो दोष नव्हे, पण जाड केबल असेल तर ते लगेच पकडायला हवं. सुरू झाल्यावर तेलाच्या मीटरकडे बघा. हा मीटर मुळात तीसपर्यंतच असतो, आणि इंजिन तापल्यावर काटा पंधराच्या आसपास राहिला तर ते उत्तम आहे. नव्या गाड्यांची सवय असलेले मेकॅनिक इथे ‘प्रेशर कमी आहे’ म्हणून घाबरवतात. घाबरू नका. पण साठपर्यंतचा मीटर बसवलेला दिसला, तर इंजिन तरी बदललंय किंवा मीटर तरी.

वीस मिनिटं चालू द्या. मग मध्यम वेगावर रेस धरून हळूच सोडा आणि नेमक्या त्या सोडण्याच्या क्षणी ऐका. लाकडावर पोकळ ठोकल्यासारखा टकटक आवाज आला तर रॉड बोलतोय. कुठला, हे शोधायला मूठ नीट इन्सुलेटेड असलेल्या डिसमिसने एकेक प्लग अर्थ करत जायचं. ज्या प्लगला आवाज दबतो, तो रॉड. हे काम तुम्ही करू नका, जाणत्या माणसाला सोबत न्या, शॉक जोरदार बसतो. शेवटी विकणाऱ्याच्या परवानगीने चेंबरचा बोल्ट काढून वाटीभर तेल पांढऱ्या कपड्यावर ओता. त्यात चांदीसारखी चमक दिसली तर ते व्हाइट मेटल आहे, आणि इंजिन पूर्ण खोलायचा खर्च तुमच्या डोक्यावर आहे. भाव त्याच हिशेबाने करायचा.

‘ओरिजिनल इंजिन’ या दाव्याचं उत्तर बॉनेटखालीच मिळतं. जुन्या २१६मध्ये वरचं झाकण माथ्यावरच्या दोन नटांनी धरलेलं असतं आणि बाजूचं उंच झाकण थेट प्लगांपर्यंत वर जातं. पुढच्या पिढीच्या, १९५४ नंतरच्या २३५ इंजिनात वरचं झाकण कडेच्या चार स्क्रूंनी बसतं आणि बाजूचं झाकण बुटकं असतं. २३५मध्ये रॉडनाही दाबाने तेल मिळतं. वापरायच्या दृष्टीने ते जास्त चांगलं इंजिन आहे, आणि माझ्या मते हा बदल माफ आहे. आपल्याकडे खरा प्रश्न डिझेलचा. पेट्रोल महागलं तसं कितीतरी शेव्हरोले, डॉज आणि फार्गोंमध्ये पर्किन्सची, पुढे मॅटाडोरची डिझेल इंजिनं बसली. मग कुणीतरी परत पेट्रोल इंजिन शोधून घातलं. या सगळ्या उलथापालथीची नोंद आरसीत आहे का, हा प्रश्न मोलाचा, कारण इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी तुमच्या नावावर होणारच नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात, पण हे जिवाचं आहे. या गाडीत ब्रेकची एकच लाइन आहे. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. गाडी उभी असताना पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत असेल तर पायाखालचा मास्टर सिलिंडर गेलाय, आणि ती गाडी रस्त्यावर चालवून बघू नका. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा, किंगपिनची (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिची) ढिलाई लगेच हाताला कळते.

पेट्रोलचंही सांगून ठेवतो. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी आहे, त्यामुळे जळण्याचा त्रास नाही. पण जुनं रबर त्यात फुगतं आणि विरघळतं. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचं पॅकिंग आणि सगळे होज इथेनॉलला टिकणारे बसवलेत का ते विचारा. १९४९पासून या गाडीची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे आहे. एक होज गळला तर वास आणि धोका दोन्ही तुमच्या पाठीशी. सीट पुढे ओढून टाकीखाली हात घाला, आणि हात हुंगून बघा.

आता कागद, आणि तुमचा फरसाणाचा बेत. ‘क्लियर’ म्हणजे काय ते विकणाऱ्याकडून वदवून घ्या. आरसी बुक मूळ आहे का, नूतनीकरण चालू आहे का, नंबर सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसतो का? इतक्या जुन्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा अजून हाताने लिहिलेल्या रजिस्टरातच असते. तसं असेल तर ती ऑनलाइन चढवून घेणं ही विकणाऱ्याची जबाबदारी, तुम्ही पैसे देण्याच्या आधीची. दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर आणि आरसीतले आकडे स्वतः अक्षर अक्षर जुळवा. पट्टीचे रिव्हेट कोरे करकरीत असतील तर पट्टी नवीन आहे. अशा पट्ट्याही विकत मिळतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी हवी, आणि नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दर्जीपुऱ्याला आरटीओत एक फेरी मारून हे सगळं विचारून या, आणि मगच व्यवहाराची बोलणी करा. नाव बदलेपर्यंत किमतीचा चांगला हिस्सा हातात ठेवायचा, आणि तसं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायचं.

२०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी आणलीय. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची, आणि धंद्यासाठी अजिबात नाही. साध्या खासगी नोंदणीवरही माल पोचवण्याचा धंदा करता येत नाही. मालवाहू म्हणून नोंद ठेवाल तर फिटनेस काढत राहावं लागेल, आणि सत्तर वर्षांच्या गाडीला तो जाच आहे. तेव्हा ऑर्डरी टेम्पोनेच पोचवा. ही गाडी दुकानाची शोभा म्हणून घ्या, रविवारी पहाटे सुरसागरला एक चक्कर मारा. व्हाइट मेटलच्या इंजिनाला मांडवीच्या गर्दीत अर्धा-अर्धा तास उभं ठेवून तापवणं मला स्वतःला बघवणार नाही.

साडेअठरा लाख जास्त आहेत का? केबिन उतरवल्याचे फोटो, इंजिनाची बिलं, जुळणारे नंबर आणि टणक चेसिस असेल तर मी त्या आकड्यावर वाद घालणार नाही. कारण तेवढं काम नव्याने करायला दोन वर्षं सहज जातात. यातलं एकही नसेल तर हीच गाडी निम्म्यालाही महाग आहे.

आणि आजोबांची गाडी. घरचा फोटो भिंग घेऊन बघा. दाराच्या काचेच्या पुढच्या बाजूला वाऱ्यासाठी उघडणारी छोटी त्रिकोणी काच आहे का? ती या मॉडेलला १९५१मध्ये आली. ती नसेल तर आजोबांची गाडी त्याआधीची. बाहेरचं हँडल बघा: १९५१पर्यंत ते फिरवायचं असायचं, १९५२पासून बटण दाबायचं आलं. पुढची काच मध्ये पट्टी असलेली दोन तुकड्यांची असेल तर १९५४च्या आधीची. एक मात्र धरून चला, आरसीवरचं साल बऱ्याचदा नोंदणीचं असतं, गाडी वर्षभर जुनी असू शकते, आणि दारं तर एका गाडीची दुसरीला सर्रास बसवलेली असतात. खरी खूण कागदात मिळेल. जुन्या आरसी बुकात हस्तांतरणाची पानं असतात, एकाखाली एक मालकांची नावं, शाईने लिहिलेली, शिक्का मारलेली. विकणाऱ्याकडून ती पानं मागून घ्या आणि पहिल्या नावापासून सावकाश वाचा. जुन्या कारकुनांचं अक्षर लागायला कठीण, गुजराती आणि इंग्रजी मिसळलेलं असतं. आजोबांचं आडनाव कुठे दिसलं तर त्या पानाचा फोटो मला पाठवा, मी वाचून देईन.